चंद्रावतीबाईंच्या चित्रात ठोकलेला खिळा

पेडणे,
रविवार, १८ मे १९९७

तीर्थरूप रघुनाथमामांस,

कमलाक्षीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच घातला आहे, उरलेला मनाने समजून घ्यावा.) तुमचा खोकला कसा आहे? यशोदामामीचे गुडघे? परसातल्या विहिरीला यंदा पाणी टिकलं का? आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. मला राग आला आहे, मामा. गुरुवारी आला तो आज रविवार झाला तरी उतरत नाही. जेवण गिळवत नाही. सकाळी पोदेराने पाव जरा करपलेला दिला म्हणून त्याला रस्त्यात उभा करून मी असं काही बोलले की तो बिचारा पाव टाकून सायकल घेऊन पळाला. शेवटी विचार केला, ज्यांनी मला या नोकरीत ढकललं त्यांनाच सगळं कळवावं. ‘पणजीच्या कॉलेजात पोरांना शिकवण्यापेक्षा पेडण्याच्या कलादालनाची मुख्य कार्यकारी अधिकारी हो, मान आहे, खुर्ची आहे,’ हे तुमचे शब्द. खुर्ची आहे, मामा. एकच आहे. गुरुवारी ती नवरदेवाला बसायला नेली आणि तिच्यावर लाल मखमल चिकटवली. मखमल निघाली, डिंक निघत नाही. मी उठले की खुर्ची थोडी माझ्याबरोबर उठते.

मुख्य कार्यकारी अधिकारी म्हटलं की माणसाला वाटतं, हाताखाली दुय्यम अधिकारी असतील, तिय्यम असतील. माझ्या हाताखाली गोकुळदास शिपाई आहे आणि तोही बहुतेक वेळ बाकावर असतो. (बाक लोकांनी चित्रांसमोर बसावं म्हणून ठेवला आहे. गोकुळदास चित्रांकडे पाठ करून झोपतो.) कलादालन मामलेदार कचेरीच्या समोर. जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढायला गावोगावची माणसं येतात, ‘जेवून येतां’ म्हणून गेलेल्या कारकुनाची वाट पाहतात आणि ऊन लागलं की आमच्याकडे पंख्याखाली येऊन उभी राहतात. पहिले काही महिने मी त्यावरही चिडत होते. मग म्हटलं, उभी राहू देत. उताऱ्यासाठी ताटकळलेला माणूस कधी ना कधी मान वर करीलच, आणि मान वर केली की समोर चित्र आहे. सरकारने लोकांसाठी दालन बांधलं आहे ना, मग लोक कशासाठी का येईनात.

पण लोकांच्या आधी आमची समिती येते, आणि समितीचे अध्यक्ष सगुणबाब. पेडण्याच्या बाजारात यांचं फरश्यांचं दुकान. माणूस वाईट नाही असं सगळे म्हणतात. मी आता म्हणणार नाही. हे चित्रांना ‘फोटो’ म्हणतात. पहिल्याच दिवशी सगळं दालन फिरून त्यांनी मला सांगितलं, ‘फोटो बरे आसात, पूण मदीं मदीं दोन फुलांच्यो कुंड्यो जाय.’ मी ऐकलं आणि गप्प बसले. तेव्हा गप्प बसायला नको होतं.

आता चंद्रावतीबाईंचं चित्र. बाई तुमच्याच डिचोलीच्या, तुम्ही ओळखताच. त्यांच्याकडून चित्र मिळवणं म्हणजे काय असतं ते ज्याने मिळवलं त्यालाच ठाऊक. मी किती खेपा घातल्या ते विचारू नका. कधी त्या दारच उघडत नसत, कधी उघडून ‘आज म्हजें मन ना’ म्हणून लावून घेत. दिलं तेही अटी घालून. भिंतीचा रंग तीनदा बदलायला लावला. फीत कापायची नाही, हार घालायचा नाही, कोणी ‘छान आहे’ म्हणायचं नाही. (खरंच. ‘छान म्हणपी मनीस पळयना,’ छान म्हणणारा नीट बघतच नाही, असं त्यांचं मत.) पण मामा, चित्र पाहाल तर सगळं विसराल. चांदेलच्या डोंगरावरचे काजूचे दिवस. अख्खी भिंत व्यापणारं. बोंडं तुडवणाऱ्या बायका, कास्टे मारलेल्या, पोटऱ्यांवर रस उडालेला, मागे भट्टीचा धूर, आणि मधोमध एक बाई तोंड उघडून कुणाला तरी शिव्या घालते आहे. तिच्यासमोर उभं राहिलं की आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं. मी रोज सकाळी दार उघडल्यावर आधी तिच्यासमोर जाऊन उभी राहत असे.

गुरुवारी मला पणजीला बोलावलं होतं. बैठकीचा विषय: कलाकृतींची सुरक्षितता. (हे मी बनवून सांगत नाही.) तिथे एका साहेबांनी भिंतीतल्या ओलीवर फार वेळ भाषण केलं, बिस्किटं दिली आणि सोडलं. दुपारी बसमधून पेडण्यात उतरते तर दालनासमोर टेम्पो. टेम्पोतून उतरताहेत गॅसच्या टाक्या. आत जाते तर भिंतभर थर्माकोलचे मोर. सगुणबाबांच्या भाच्याचं, जयरामचं, सकाळी देवळात लग्न लागलं होतं आणि संध्याकाळचं रिसेप्शन आमच्या कलादालनात! मला न विचारता, न सांगता, मी सुरक्षिततेवर बिस्किटं खात असताना! आणि सगळ्यात मोठा मोर चंद्रावतीबाईंच्या चित्रावर. सुतळी सुटू नये म्हणून सजावटवाल्याने कॅनव्हासमधून आरपार खिळा ठोकला होता. मधल्या बाईच्या खांद्यात.

मामा, मी किंचाळले. गोकुळदास म्हणतो की मामलेदार कचेरीतला झोपलेला कारकूनसुद्धा बाहेर आला. सजावटवाला घाबरून पक्कड घेऊन खिळा उपटायला धावला, त्याला मी दंडाला धरून मागे ओढला, कारण वेडावाकडा उपटला असता तर कॅनव्हास टराटरा फाटला असता. सगळ्यांना बाहेर काढलं, दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि चंद्रावतीबाईंच्या शेजाऱ्यांकडे फोन करवून पायरीवर बसले. दिवस मावळतीला लागला तशी पाहुणेमंडळी यायला लागली. जरीच्या साड्या, अत्तरं, आणि पायरीवर कुलपासमोर मी. मग क्रीम रंगाच्या सफारीत सगुणबाब आले. आधी हसले. मग हात जोडले. मग म्हणाले, ‘मॅडम, खिळो केदोसो! आनी भुरग्याचें लग्न केदें!’

मी म्हटलं, ‘केवढासा का असेना, खिळा आरपार गेला आहे, सगुणबाब.’

‘मागीर पुट्टी लावया.’

पुट्टी! फरशीची फट बुजवायची पुट्टी! त्यानंतर मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. आठवतं तेवढं तुम्हाला लिहिण्यासारखं नाही. एवढं खरं की कुलूप काही मी उघडलं नाही. शेवटी खुर्च्या अंगणात मांडल्या, जनरेटर धूर ओकायला लागला आणि मे महिन्याच्या उकाड्यात, डासांत, बिचारा जयराम सुटाबुटात माझ्या खुर्चीवर वितळत बसला. त्याचा काही दोष नव्हता. त्याच्याकडे पाहून मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला.

तेवढ्यात डिचोलीहून थेट भाड्याच्या पायलटाच्या मोटारसायकलीवर चंद्रावतीबाई आल्या. सत्तरी उलटलेली बाई, डोक्याला टॉवेल बांधलेला. मला वाटलं, आता सगुणबाबांची धडगत नाही. त्या सगुणबाबांना बघून न बघितल्यासारखं करून तडक माझ्यापाशी आल्या आणि त्या सगळ्या वऱ्हाडासमोर मला फाडून खाल्लं. ‘राखण कोणाची? तुजी! तूं खंय आशिल्लें?’ मी म्हटलं, सुरक्षिततेच्या बैठकीला. मामा, वऱ्हाड हसलं. त्या हसण्याचा राग वेगळा लिहायला हवा, पण कागद पुरणार नाही.

आम्ही दोघी दार उघडून आत शिरतो तोच नवरीमुलगी पाठोपाठ आली. विनोदिनी तिचं नाव. घामाने काजळ उतरलेलं, हातात शेला गोळा करून धरलेला. म्हणाली, ‘म्हजें रिसेप्शन ज्याखातीर भायर घालें, तें कितें आसा तें तरी पळोवंया.’ तिचं बरोबरच होतं. तिला मी नाही म्हणू शकले नाही. मी मोराची सुतळी हळूच कापून मोर बाजूला केला. मुलगी चित्राकडे बघत राहिली, जवळ गेली, आणि एकदम दाराकडे वळून ओरडली, ‘काकी! काकी, हांगा यो! तुका भिंतीर लावल्या!’

मुलगी चांदेलची, आणि चित्रातली शिव्या घालणारी बाई तिची सख्खी काकी निघाली! काकी आल्या. पाटल्या, नथ, अंजिरी शालू. स्वतःसमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारलं, ‘हांव इतली काळी?’

‘काळी न्हय गो,’ चंद्रावतीबाई म्हणाल्या, ‘तापिल्ली.’

काकींनी मान हलवली, त्यांना ते पटलं. मग त्यांची नजर खांद्यावर गेली. तशी त्यांनी जी मान फिरवली आणि जे तोंड उघडलं ते हुबेहूब भिंतीवरचं. ‘म्हज्या खांद्यार खिळो मारपी कोण तो?’ आणि थेट सगुणबाबांवर चालून गेल्या. मला धुडकावणं सोपं होतं, मामा, मी सरकारी नोकर. पण सकाळीच झालेल्या सोयरिकीतली नवरीची काकी! सगुणबाब ‘पुट्टी’चा पु म्हणाले आणि थांबले. पुढची दहा-पंधरा मिनिटं पेडण्याच्या कलादालन समितीचे अध्यक्ष गुडघ्यांवर बसून स्टूल धरून होते, स्टुलावर चंद्रावतीबाई पक्कड घेऊन केसाएवढा केसाएवढा खिळा ओढत होत्या, मी खिळ्याभोवतीच्या कॅनव्हासवर तळहात दाबून धरला होता आणि काकी खाली उभ्या राहून सगळ्यांना सूचना देत होत्या. खिळा निघाला. भोक राहिलं, पण फाटलं नाही.

मग सगळं लग्नच आत आलं. मी ओरडून ओरडून आइस्क्रीमचे कप दाराबाहेर ठेवायला लावले (एक चमचा तरीही एका मूर्तीच्या ओंजळीत सापडला). पण लोक बघत होते, मामा! बोट दाखवून भांडत होते. ही भट्टी कुणाची, ती बाई कुठल्या वाड्यावरची. त्या दालनात, उताऱ्याची वाट न बघणारी माणसं मी पहिल्यांदा पाहत होते. माझा राग तिथेच निवला असता.

शुक्रवारी पेपरात बातमी: ‘कलेच्या सान्निध्यात शुभविवाह सोहळा. अध्यक्ष सगुणबाब यांची अभिनव कल्पना.’ फोटोत ते काकींच्या चित्राशेजारी हात पसरून उभे, जसं काही स्वतःच काढलं आहे. त्याच दुपारी समितीची सभा. पहिला ठराव, अध्यक्षांच्या अभिनंदनाचा. दुसरा, त्या अभिनव कल्पनेला कुलूप लावल्याबद्दल मला कारणे दाखवा नोटीस. तिसरा, यापुढे दालन लग्नकार्याला द्यावं, मात्र खिळे चित्रांत न मारता दोन चित्रांच्या मधे मारावेत. मी उठले (खुर्चीसकट), दोन ओळींचा राजीनामा लिहिला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. सगुणबाबांनी तो वाचला, तिथल्या तिथे मंजूर केला आणि गोकुळदासला चहा सांगितला. एकच.

तर आता मी मोकळी आहे आणि अतिशय समाधानात आहे. ज्या ठिकाणी चित्राची किंमत मोराइतकीही नाही तिथे पुन्हा पाऊल ठेवणार नाही, कुणी पालखी पाठवली तरी नाही. मामीला नमस्कार सांगावा आणि तिने जिने चढू नयेत. तुम्ही रात्रीचं ताक बंद करा.

आपली भाची,
कमलाक्षी
(माजी मु. का. अ.)

ता. क. मासळीला बाहेर पडले होते, रस्ता तोच असल्यामुळे नाइलाजाने दालनावरून गेले. पश्चिमेचं जनेल सताड उघडं आणि ऊन सरळ काजूच्या बायकांवर! रस्त्यातून गोकुळदासला हाक मारली. तो म्हणतो, ‘मॅडम, तुमी आतां नात, ऑर्डर कोण दितलो?’ शेवटी छत्रीच्या टोकाने बाहेरून मीच जनेल ढकललं. उद्याही ऊन पडणार आहे, मामा. परवाही. सगुणबाब डिचोलीच्या शाळेत तुमच्या वर्गात होते ना? तुमचं नाव निघालं की अजून आवाज खाली आणतात. त्यांना एक फोन करावा. पोरगी तापट आहे, बापावर गेली आहे, अजून जग पाहिलेलं नाही, असं काहीतरी सांगावं. (मी त्रेपन्न वर्षांची आहे हे त्यांना माहीत आहे, तरी सांगावं.)

आणखी ता. क. मी सांगितलं असं चुकूनही म्हणू नये. मी परत यायला मुळीच तयार नाही आणि तुम्ही माझी समजूत घालून घालून दमला आहात, असं म्हणावं. अट एकच, दालनात लग्न नाही. त्यावर फारच अडून बसले, तर आषाढी एकादशीपासून कार्तिकापर्यंत वाटेल तेवढी लग्नं खुशाल लावा म्हणावं, माझी हरकत नाही. त्या दिवसांत मुहूर्तच नसतात हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत हजेरीबुकात माझी सही झालेली असेल.