आल्प्सआधी आंबेनळी

शारजा, ४ फेब्रुवारी २०००

ती. प्रभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

रिटायर झाल्याचं तुझं पत्र पोचलं. भूगोलाच्या तासाला एकतीस वर्षं फळ्यावर तपकिरी खडूने आल्प्स काढलास, आता प्रत्यक्ष बघायचा. मे महिन्यात आधी आमच्याकडे ये, मग आपण चौघं चार दिवस स्वित्झर्लंडला जाऊ. आई गेल्यावर माझ्या डब्यादप्तराचं सगळं तूच पाहिलंस, आता माझी पाळी.

वाद एवढाच की तिथे फिरायचं कसं. रुपालीला मोठ्या खिडक्यांची डोंगरातली आगगाडी हवी. आमच्या अस्मीने तर फ्रिजवर 'ट्रेन इज बेटर, पपा' अशी चिठ्ठी लावली आहे. मी म्हणतो भाड्याची मोटार घेऊ, मी चालवतो. शारजा-दुबईच्या ट्रॅफिकपुढे तिथले घाट काय अवघड? शेवटचा शब्द तुझा.

लोभ आहेच, त्यात होकाराची भर घाल.
तुझा,
उल्हास


महाड, ७ मार्च २०००

चि. सौ. रुपालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उल्हासला मी हो कळवलं आहे, मोटारीलाही हो. दिवाळीत त्याला लायसन मिळालं तेव्हा अख्ख्या आळीत पेढे वाटले होते, आता त्याच्या गाडीत बसायला नको कशी म्हणू? पण तुला म्हणून सांगते, मला गाडी लागते. तो लहान असताना आंबेनळी घाटात हाच माझ्यासाठी पिशवी धरून बसायचा. विसरलेला दिसतो.

तेव्हा दर रविवारी महाबळेश्वरची एस.टी. पकडून मी सराव करते आहे. वर जाते, चहा पिते, खाली येते. तीन रविवार झाले, आवळासुपारीचे दोन डबे संपले, तरी पोलादपूर सुटलं की पोट ढवळतंच. कंडक्टर आता काही विचारत नाही, तिकिटाबरोबर पिशवीच देतो.

मार्चअखेर जमलं नाही तर गुडघ्याचं निमित्त सांगून मी इथेच राहीन. वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू? पण त्याला यातलं काही कळू देऊ नकोस. अस्मीला गोड पापा.

तुझी,
प्रभावती


शारजा, १७ मार्च २०००

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. गुडघा अजिबात पुढे करू नका, तुमच्याशिवाय आम्ही जाणार नाही. आणि आता माझं ऐका. ह्यांच्याकडे लायसन नाहीच.

दिवाळीआधी ह्यांच्या कंपनीतले हमीदभाई सुट्टीवर महाडला निघाले. त्यांच्या हाती तुम्हाला पत्र द्यायचं होतं. त्यांचं विमान सकाळी, ह्यांची टेस्ट दुपारी. ह्या वेळी नक्की पास म्हणून ह्यांनी आधीच 'पास झालो' लिहून पाकीट बंद केलं. दुपारी परीक्षा घेणारा पोलीस गाडीत बसला आणि पहिल्याच राउंडअबाउटला 'खलास, हबीबी' म्हणून उतरला. मग पेढ्यांचं तुमचं पत्र आलं, आणि ह्यांची खरं सांगायची हिंमतच गेली.

आतापर्यंत सहा वेळा नापास झालेत. हमरियाला कामावर अजून कंपनीच्या बसनेच जातात. सातवी टेस्ट मेच्या आधी आहे, इन्शाल्ला पास म्हणतात. मला शपथ घातली आहे, ती आज मोडली. वन्सं, आगगाडी तुम्हीच मागा, म्हणजे ह्यांचा मान राहील.

माया आहेच, ह्या आगाऊपणामुळे ती कमी करू नका.
आपली,
सौ. रुपाली


महाड, २ एप्रिल २०००

चि. उल्हास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आता कबूल करते, मला गाडी लागते. तू चालवतोस उत्तमच, दोष माझ्या पोटाचा आहे. माझ्या हट्टापायी एवढं कर, आगगाडीची तिकिटं काढ. तुझा हिरमोड होणार हे मला कळतं. रागावू नकोस.

तुझी,
ताई


शारजा, १४ एप्रिल २०००

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ऐटीत जाहीर केलं की ताईसाठी मी मोटारीचा त्याग करतो. रुपाली भांडी घासता घासता खालीच बसली, इतकी हसली. मग तिने तुझ्या रविवारांचं सांगितलं, आणि माझं हसू गेलं.

ताई, मला लायसन मिळालेलं नाही. तुला ते ठाऊक आहे हेही आता मला ठाऊक आहे, तरी माझ्या हाताने लिहायला हवं. माझ्या एका खोट्यासाठी तू घाटात हाल काढत होतीस, याची फार लाज वाटते. आळीतल्या लोकांना काय सांगायचं ते तू ठरव. सातवी टेस्ट देणार आहे, पण पत्र टेस्ट झाल्यावरच लिहीन.

आगगाडीची तिकिटं काढली, खिडकीची जागा तुझी. तीही डोंगरातच वळणं घेते म्हणतात, तेव्हा तुझ्या शेजारी मी बसतो. पिशवी मी धरीन.

तुझा,
उल्हास