पुसून टाका म्हटलं

१४ ऑक्टोबर

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. अजून सूनबाई म्हणावं की नाही ते ठरेना, पण हाताला दुसरं वळण नाही. तुझी तब्येत बरी असेल. माझे गुडघे कुरकुरतात, मशीन मात्र ठणठणीत आहे. शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय.

तुमचं दोघांचं बिनसलं आणि माझा लेक माझ्याकडे राहायला आला, तेव्हाची गोष्ट. टपावर कॅमेरा लावलेली एक गाडी नकाशासाठी फोटो काढत आमच्या गल्लीतून गेली. मी मेली केस सारखे करून दुकानाच्या दारात हसत उभी राहिले. आत तो तुला मेल लिहीत बसला होता. दुसऱ्या दिवशी तर त्या अपघातात तो गेलाच.

ती गाडी नुसते फोटो काढत नव्हती, हे आता कळलं. ज्यांच्या वायफायला पासवर्ड नव्हता, त्यांच्या घरातून जाणारे मेल, मेसेज, जे हाती लागेल ते उचलत चालली होती. आपलं उघडंच होतं. खोळंबलेल्या गिऱ्हाइकांना कंटाळा येऊ नये म्हणून त्यानेच तसं ठेवलं होतं. कोर्टाने त्या गाडीवाल्या कंपनीचे कान उपटले, तेव्हा मला त्यांच्या ऑफिसातून बोलावणं आलं. कनेक्शन माझ्या नावावर ना.

टेबलापलीकडची मुलगी अदबीने म्हणाली, “काकू, तुमच्या घरून गेलेला एक मेल आमच्याकडे आहे. हवं तर वाचा, नाहीतर पुसून टाकतो.”

“आणखी कुणी वाचला?”

“तपासणीत चार-पाच जणांनी. सॉरी, काकू.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्या मुलाचं शेवटचं लिहिणं चार-पाच परक्यांनी वाचलं, आणि मी आई असून नाही.

घरात माणसं भेटायला येत होती तेव्हाच मी तुझ्यामागे लागले होते, त्याने काय लिहिलं म्हणून. तू म्हणालीस, “ते आमच्या दोघांचं आहे, आई.” तेवढ्यावरून मी तुझ्याशी बोलणं टाकलं. मला एवढंच हवं होतं गं, की तुमच्या भांडणाचं खापर त्याने माझ्यावर फोडलं होतं का.

त्या ऑफिसातल्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवला. वर तुझं नाव होतं. खाली कुठेतरी ‘आई’ दिसलं. मी चष्मा काढून पर्समध्ये टाकला. चष्म्याशिवाय मला सुईचं नेढं दिसत नाही, तिथे मेल काय दिसणार? “पुसून टाका,” म्हटलं. येताना बसमध्ये रडू काही केल्या आवरेना. एकाने उठून जागा दिली.

आता तो मेल फक्त तुझ्याजवळ आहे. जपून ठेव. मी पुन्हा विचारणार नाही.

वायफायला पासवर्ड टाकलाय. गिऱ्हाइकं कटकट करतात, पण मी कुणाला सांगत नाही. तू आलीस तर सांगेन.

तुझी,
तू जिला आई म्हणायचीस ती