सहाव्या मशीनचं बिल

प्रिय संगीता,

तुझा जुना नंबर बंद लागतो. पत्ता शेवटी आपल्या शिवणक्लासच्या बाईंकडून मिळाला. तीन वर्षांनी लिहितेय, रागावू नकोस. अब्बांचे गुडघे धरलेत, त्यामुळं पुसदचं दुकान आता मीच पाहते. बाईंच्या किती शिव्या खाल्ल्या, तरी दोरा अजून दातानंच तोडते.

अब्बा दर वर्षी बजेटचं भाषण शेवटपर्यंत ऐकतात आणि म्हणतात, आपल्या दुकानाले काहीच नाही. या वेळी सप्टेंबरमध्येच बातमी आली. शिलाई मशीनवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर येणार, पण बावीस तारखेपासून. आम्ही दसऱ्यासाठी वीस मशिनी नुकत्याच भरल्या होत्या. आता जो येई तो भाव विचारून, बावीसनंतर येतो म्हणून निघून जाई.

अशात तुझी आई, तू जिला याडी म्हणतेस ती आमची बिजलीमावशी, तांड्यावरच्या चार बायांना घेऊन आली. बचत गटातून पाच मशिनी घ्यायच्या होत्या, पैसे रोख. बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. अब्बांनी मला डोळ्यांनी गप्प राहायला खुणावलं. खरं सांगते, मीही बिलबुक उघडलं होतं. पण मावशी माझ्या अम्मीच्या दुखण्याची चौकशी करत बसली आणि मला पुढं लिहवेना. म्हटलं, "मावशी, आज घेऊ नका. बावीसनंतर एका मशीनमागं सातशे रुपये वाचतील." पाचही जणी एसटीनं परत गेल्या.

पुढचे दिवस कठीण गेले. अब्बा माझ्याशी कामापुरतंच बोलत. भाव उतरल्यावर त्या बाया दुसऱ्या दुकानात जातील, असं त्यांना वाटे. आपण आधीच भरलेल्या जादा कराचीही धास्ती होती. तो पुढच्या विक्रीत वळता होईल, असं कर सल्लागारानं दोनदा समजावलं, तरी त्यांचं समाधान होईना.

तेवीसला मी शटर उघडायला गेले, तर पाचही जणी पायरीवर बसलेल्या. पाच मशिनी निघाल्या. अब्बांनी स्वतः जाऊन चहा सांगितला. मग मावशी म्हणाली, अजून एक दे. पाच मशिनींमागं वाचलेले साडेतीन हजार बायांनी तिला देऊन टाकले होते, वरचे तिनं बकरी विकून आणले होते. घरी तर ती एकटीच, म्हणून मी विचारलं, या बिलावर नाव कोणाचं घालू?

संगीता, तू आपल्या मनानं लग्न करून गेलीस, तेव्हापासून तिच्या तोंडून तुझं नाव कोणी ऐकलं नव्हतं. तिनं पदराची गाठ सोडून पैसे काउंटरवर ठेवले. मग म्हणाली, "संगीताचं घाल. अन् तिले लिही, जावयाले घेऊन ये म्हणा." तिला लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र मी लिहितेय. बिल सोबत आहे. गटाला शाळेच्या गणवेशाचं काम मिळालंय, पण तांड्यात नीट कापड बेतणारी कोणी नाही. मशीन अजून खोक्यातच आहे. मावशी ती कोणाला उघडू देत नाही.

तुझीच,
शगुफ्ता