एका नावाचे दोन अर्ज

५ जून

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

घडलं ते असं :

१. ३ मार्चला मी मोटरसायकल बुक केली. प्रतीक्षा यादीत माझा नंबर नववा.
२. १६ मेला तुम्ही तीच गाडी, त्याच शोरूममध्ये, माझ्याच नावाने बुक केलीत. मला न सांगता.
३. एका नावाचे दोन अर्ज आले, की शोरूम जुना रद्द करून नवा धरते.
४. माझा नंबर आता चौऱ्याण्णवावा आहे.

सुट्या भागांचा तुटवडा असल्याने महिन्याला तीन गाड्या येतात. १ जुलैपासून मला शहरातल्या चाळीस इमारतींच्या लिफ्ट सांभाळायच्या आहेत. वाहन स्वतःचं हवं, ही कंपनीची अट. त्या दिवशी गाडी नसेल तर नेमणूक दुसऱ्याला जाईल.

मी रागावलेले नाही. अर्ज भरताना तुमच्या मनात काय होतं, एवढं कळवावं. फोनवर आपण दोघंही नुसतं ‘हं’ म्हणतो, म्हणून पत्र.

तुमची,
मोजपट्टी

९ जून

चि. मोजपट्टी हिला अनेक आशीर्वाद.

हे पत्र की पंचनामा? आईने दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा जरा जास्तच ठसक्यात.

मनात काय असणार? तू रुजू व्हायच्या दिवशी किल्ली तुझ्या हातावर ठेवायची होती. आणि गाडी घेतेयस, हे तू तरी कुठे सांगितलंस? आई म्हणते, या घरात बाप-लेक तोंडाला टाके घालून बसतात. टेलरची बायको, बोलणारच.

शनिवारी दुकान बंद ठेवून तिकडे आलो, मॅनेजरसमोर तासभर बसलो. गेलेला नंबर परत मिळत नाही म्हणाला. एक गाडी उभी आहे, पण तिचा मोठा स्क्रीन अजून आलेला नाही. सध्या साधा काट्याचा मीटर लावलाय, स्क्रीन येईल तेव्हा येईल. मी सरळ नको म्हणालो. खिसे मागाहून लावतो म्हटलं, तर गिऱ्हाईक पँट घेईल का? त्यापेक्षा तू कंपनीकडे मुदत माग. चूक माझी, विनंती मी लिहून देतो.

तुझ्या खोलीवर न येताच परतलो. कोणत्या तोंडाने येणार होतो?

माया आहे तशीच आहे, तेवढी यादीत मागे ढकलू नकोस.

तुझे,
बाबा

१३ जून

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

मुदत मागणार नाही. ती गाडी मी काल पाहिली. इंजिन, ब्रेक, दिवे, सगळं नवं आणि पूर्ण आहे. दोन खांबांमधलं अंतर मोजलं, मॅनेजरला स्टॉपवॉच देऊन मागे बसवलं आणि गाडी चालवली. काटा चाळीसवर असताना वेग एकोणचाळीस भरला. मला चालेल. उतरल्यावर तो म्हणाला, असं गिऱ्हाईक रोज येत नाही हे नशीब. खिशांचं म्हणाल, तर पाना आणि टेस्टर मी बॅगेत ठेवते.

माझ्या पुढच्या त्र्याण्णव जणांना विचारलंत का, असं मी त्याला विचारलं. त्याने वही दाखवली. सगळ्यांना फोन झालेत, सगळ्यांना स्क्रीनच हवाय. शेवटी माझं नाव आणि पुढे ‘नको’. तो नकार तुमचा. चालू अर्जावर सही तुमची असल्याने तो खोडायलाही तुमचीच सही लागते.

मॅनेजर शुक्रवार, २० तारखेच्या संध्याकाळपर्यंत गाडी धरून ठेवणार आहे. नंतर ती पंच्याण्णवाव्याला जाईल.

सहीला याल तेव्हा आईलाही आणा. शोरूममधून परस्पर परत जाऊ नका. खोली लहान आहे, पण तिघं मावतो. मी अंदाज घेतलाय.

लोभ आहे. तो तुमच्याकडूनही असतो, हे मला माहीत आहे.

कोणत्या बसने येता, ते बुधवार, १८ जूनपर्यंत कळवावं.

तुमची,
मोजपट्टी