चौथ्या नळीचं वरचं टोक

४ मार्च

ती. मामास,
भाचीचा साष्टांग नमस्कार. मामीला वेगळा, कारण वाटून घ्यायची तुम्हा दोघांना सवय नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि येत नाही हे तू कबूल करत नाहीस, म्हणून पत्र. बातमी मोठी आहे. आईनं सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या गाळाची मोजणी केली, तोच गाळ आता माझ्या टेबलावर आहे. ध्रुवाजवळच्या समुद्राच्या तळातून जहाजावर काढलेला, तू मीटर-मीटरच्या नळ्या कापून शीतगृहात लावलेला. लेबलांवर तुझं अक्षर अजून आहे. कोंबडीनं पाय पुसल्यासारखं.

मामी दर वेळी विचारते मी नेमकं करते काय, तर तिला हे वाचून दाखव. त्या गाळात डायटम नावाच्या शेवाळाची काचेसारखी कवचं असतात, मिठाच्या कणाहून लहान. काही जाती बर्फाला धरून राहतात, काही मोकळ्या पाण्यात. सूक्ष्मदर्शकाखाली एका काचपट्टीवर चारशे कवचं मोजायची, कुठल्या जातीची किती ते लिहायचं, आणि त्यावरून त्या काळी तिथला समुद्र गोठलेला होता की मोकळा ते ठरवायचं. वरचा गाळ अलीकडचा, खालचा जुना. झालं माझं पोटापाण्याचं काम.

आता ऐक. चौथ्या नळीत आईची मोजणी चुकली म्हणून तिला त्या कामावरून हलवलं होतं ना? मी तीच नळी पुन्हा मोजली आणि तिचं जुनं रजिस्टर शेजारी उघडून ठेवलं. आकडे जुळतात, मामा. चारशेत पाच-सहाचा फरक, तो कुणाचाही येतो. आईची मोजणी बरोबर होती. गोंधळ एवढाच की शेजारच्या ठिकाणच्या गाळात त्या काळात बर्फ वाढत गेलेला दिसतो आणि आपल्या चौथ्या नळीत तो कमी होत जातो. नळी उलटी तर ठेवली गेली नसेल? तू तिथं होतास म्हणून विचारते.

आईला अजून सांगितलेलं नाही. ती आहे तशीच आहे. कुलूप तीनदा ओढून बघते, बसचा नंबर शेजारच्या माणसाला विचारते, औषधाच्या बाटलीवरचं नाव स्वतः वाचून झालं तरी मला वाचायला लावते. आम्ही चिडवतो, तीही हसते.

लोभ आहेच, तो पत्रातून दाखवत जा.
तुझी, भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरी हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढं बारीक मोजायचं तर पोरीला दूध तरी मिळतं का? माझा डावा गुडघा संपावर आहे, उजवा अजून कामावर येतो. शिलाई मशीन बिघडलं होतं, ते मी दुरुस्त केलं, त्यामुळे आता ते पूर्ण बिघडलं आहे.

नळीचं म्हणशील तर वरच्या टोकाला निळी टोपी, खालच्या टोकाला पांढरी, हा नियम असतो. इतक्या वर्षांनी आणखी काय आठवणार? गाळ दबतो, घसरतो, एका ठिकाणचं दुसऱ्या ठिकाणी दिसेलच असं नाही. तुझ्या प्रयोगशाळेच्या मॅडम शिकलेल्या आहेत, त्यांना विचार. अक्काजवळ मात्र हा विषय काढू नकोस. तिला त्या वेळी फार त्रास झाला होता, जुनं उकरून काय मिळणार?

प्रकृतीला जप आणि आमची आठवण ठेव.
तुझा मामा

२० मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तू नको म्हणालास तोवर मी आईला सांगून बसले होते. मग तिनं रजिस्टर मागवलं, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, म्हणजे दोघींची नजर सारखीच चुकते म्हणायची. मला वाटलं होतं तिला आनंद होईल.

मॅडमचं म्हणणं, चौथी नळी ही जुनी डोकेदुखी आहे, ती गाळून टाक. वर सगळ्यांसमोर म्हणाल्या, हे घराण्यातच दिसतंय. सगळे हसले. मीही हसले, मामा, आणि मग हात धुवायला म्हणून बाहेर जाऊन उभी राहिले. दहा एप्रिलला शेवटचे तक्ते द्यायचे आहेत. ती नळी गाळली तर माझी मोजणी कच्ची ठरते, आणि पुढच्या मोहिमेसाठी माझ्याऐवजी दुसरं कुणीतरी मोजायला बसेल. आईनं तर सल्लाच दिला की मोजणी आपणहून सोड, ऑफिसातलं काम माग, काढून टाकण्याआधी बाहेर पडलेलं बरं. ती हे मायेनं म्हणते, म्हणून जास्त लागतं.

एक विचारते, रागावू नकोस. मी विचारलं होतं तू काय केलंस. तू नियम काय आहे ते कळवलंस.

उत्तराची वाट बघते.
भिंगरी

२८ मार्च

ती. अक्कास,
धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता हिला सांगून ठेवलंय की सही झाली की पाकीट माझ्या हातात राहू देऊ नकोस, तडक पेटीत टाक.

नळी मी उलटी ठेवली होती. जहाजावर त्या दिवशी निळ्या टोप्या संपल्या. चौथ्या नळीला दोन्हीकडे पांढऱ्या लावल्या आणि वरची बाजू कळावी म्हणून पेन्सिलीनं बाण काढला. शीतगृहात ओल सुटून बाण पुसला गेला. तेव्हाच कुणाला तरी सांगायला हवं होतं. नोकरीचा तिसरा महिना, तीही तू शब्द टाकून लावलेली. वेंधळा म्हणतील म्हणून अंदाजानं ठेवून दिली. पुढे तुझे आकडे शेजारच्या गाळाशी जुळेनात तेव्हा आपल्या सरांनी तुझ्यादेखत विचारलं, नळी उलटी नाही ना? मी छातीठोकपणे नाही म्हणालो. तू लगेच मान डोलावलीस. माझा भाऊ म्हणतोय म्हणजे नाहीच, अशी.

त्याच संध्याकाळी नळीचा उभा चिरून न मोजता ठेवलेला राखीव अर्धा भाग गुंडाळताना मला खडा दिसला. जहाजावर तिसरी आणि तिच्याखालची चौथी नळी वेगळी करताना करवतीखाली एक खडा येऊन त्याचे दोन तुकडे झाले होते. एक तिसरीच्या तळाशी राहिला. दुसरा चौथीच्या माथ्याशी हवा होता, तो तळाशी होता. मी त्यावर प्लास्टिक गुंडाळलं, दोरी बांधली आणि फळीवर ठेवून घरी आलो. तो भाग अजून तिथंच असेल. भिंगरीला उघडून बघू दे.

दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. तुला काचा धुवायला बसवलं तेव्हा सांगता आलं असतं. चार महिन्यांनी तू काम सोडलंस तेव्हाही. रोज उद्यावर ढकललं. मग मला बढती मिळाली आणि सांगायला तोंडच राहिलं नाही. तू बसचा नंबर लोकांना विचारतेस हे भिंगरीनं गंमत म्हणून लिहिलं होतं. त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. आता पोरीलाही तेच ऐकावं लागतंय आणि मी इथं गुडघ्याच्या गमती लिहितोय. मी तुझा अपराधी आहे, अक्का. काय करायचं ते सांग, ते करीन.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.
धाकटा

६ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. सवयीनं लिहून गेले, आता खोडत नाही.

भिंगरी पत्र मोठ्यानं वाचायला लागली. मी तिच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः वाचलं. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर शीतगृहात गेले. तुझ्या गाठी सुटेनात, कात्री लावावी लागली. खडा होता. दोन्ही तुकडे एकमेकांना लावले तर नखभर फट राहिली नाही. भिंगरीनं तिथंच तक्ता उलटा करून बघितला आणि बर्फाचा चढ शेजारच्या गाळाशी बरोबर जुळला. ती रडायला लागली. मॅडमचा चेहरा उतरला, पण त्या सरळ म्हणाल्या की नळी गाळायची नाही, आणि पोरीची माफीही मागितली. तिचं काम टिकलं. ती काळजी सोड.

मग तिनं मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. मी एक पूर्ण काचपट्टी मोजली. चारशे कवचं, आणि एकदाही मागे जाऊन बघितलं नाही.

नळी उलटी ठेवलीस, ते मी त्याच दिवशी माफ केलं असतं, वर दोन शिव्या हासडल्या असत्या. चूक कुणाच्या हातून होत नाही? सरांपुढे घाबरलास, तेही समजू शकते. पण तू मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलास. ते तू पत्रात लिहिलं नाहीस. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मी बाहेर येऊन रस्त्यातच तुला विचारलं, मग माझ्याकडून चुका कशा होतात रे? तू माझी पिशवी हातात घेतलीस आणि म्हणालास, आपण दुसरा डॉक्टर बघू. पहिला खरं बोलतोय हे तेव्हा तुला माहीत होतं. आपण तिघांना दाखवलं. तिसऱ्यानं कंटाळून चष्मा दिला आणि तो मी मुकाट्यानं लावला, भाऊ एवढी धावपळ करतोय म्हणून.

सोमवारी ये. गुडघ्याचं कारण सांगू नकोस. जुने सरही येणार आहेत, मीच कळवलंय. सगळ्यांसमोर तुझ्या तोंडानं सांग. मी शेजारी उभी राहीन, पण तुझ्या वतीनं एक शब्दही बोलणार नाही. माफीचं मला आज विचारू नकोस, खोटं लिहावं लागेल.

लोभ कमी झालेला नाही. झाला असता तर मला बरं पडलं असतं.
अक्का