चिचगड सात

बा, काल जुन्या घाटरस्त्यानं पायी जाऊन आले. टेकडीच्या पायथ्यानं नवा रस्ता झाल्यापासून तिकडं कोणी फिरकत नाही. आईच मागं लागली होती, एकदा पाहून ये, तुझ्या बापाचा दगड आहे की गेला. तू रस्त्यावरचा मैलकुली, घाटाचा दीडएक किलोमीटर देखभालीला तुझ्याकडं, आणि तेवढ्यात किलोमीटरचा दगड एकच, चिचगड सात. त्या दगडाचं माझ्याकडं काहीतरी देणं राहिलं होतं, म्हणून इतकी वर्षं जायचं टाळत होते.

डांबर जागोजागी फुटलंय, मधूनच पळसाची रोपं उगवलीत. पावसाळ्याआधी तू उपसायचास ती नाली पाल्यानं बुजलीय. तू पाहिलं असतंस तर तिथंच फावडं मागितलं असतंस. वळणावर मोहफुलं वेचणारी एक म्हातारी भेटली. "काऊन बाई, इकडून कायले जाऊन राहिली? रोड तं खाली हाय." बापाचा रस्ता पाहायला आले म्हटल्यावर मूठभर फुलं माझ्या हातावर ठेवून ती पुन्हा वाकली.

आठवतं, शिवरात्रीचा दिवस आहे. मी चौथीत आहे. गावातल्या पोरी ट्रॅक्टरवर बसून आपल्याकडच्या प्रतापगडला महादेवाच्या जत्रेला गेल्यात आणि मी तुझ्याबरोबर घाटात तोंड फुगवून बसलेय, कारण उद्या साहेब येणार आणि दगड रंगवून व्हायचाय. तुला लिहिता-वाचता येत नव्हतं. जुनं अक्षर पुसट असलं की त्याच्यावरूनच ब्रश फिरवायचास. या वेळी पोपडा निघाला आणि आकडाच गेला. सात कसा असतो ते काढून दाखव म्हणालास. मी काडीनं मातीत काढला. तू जीभ दातांत धरून तो दगडावर उतरवलास, मागं सरून पाहिलंस आणि विचारलंस, "असाच ना?" मी हो म्हटलं.

तो नऊ होता. दुसऱ्या दिवशी साहेबांनी जीप थांबवून विचारलं, चिचगड जवळ येतंय की लांब चाललंय? सगळी गँग हसली. "सात बी येत नाही काय रे तुले?" मुकादम म्हणाला. तुझा डबा घेऊन मी रस्त्याखालच्या मोरीपाशी उभी होते. तू माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाहीस. "माह्याच हातानं चुकलं जी," एवढंच म्हणालास. गँगमध्ये तुझं नाव नऊ पडलं आणि तू जाईपर्यंत तेच राहिलं. आकडा नीट करायला तू मला पुन्हा बोलावलं नाहीस.

दगड आहे, बा. घाणेरीच्या झुडपात कलंडलाय. पुढचा रंग केव्हाच उडालाय. फांद्या बाजूला करून मागं गेले, तर डोंगराकडच्या अंगाला, जिथं येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर जात नाही, तिथं छिन्नीनं कोरलेले आकडे. साताच्या दोन ओळी, पहिले तीन-चार उलटे, मग हळूहळू सरळ झालेले. खाली एक ते नऊ. मी आमगावच्या शाळेत पहिलीच्या पोरांना हेच आकडे हात धरून गिरवायला लावते. तू कोणाला विचारून शिकलास, माहीत नाही. घरात शिकणारी पोर होती, तिला विचारलं नाहीस. मी तिथंच खाली बसले आणि खूप रडले.

शेवटचा नऊ सगळ्यांत चांगला आलाय. तो कोरलास त्या दिवशीच तुला कळलं असणार की मी काढलेला सात वाकडा नव्हता, तो चांगला घोटीव नऊ होता. आणि पुढच्या शिवरात्रीला तू खाडा करून मला जत्रेला नेलंस, गड चढताना खांद्यावर घेतलंस. मला वाटलं होतं, तुला काहीच माहीत नाही.

मला सात येत होता, बा. जत्रेचा राग होता.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "गोटा दिसला काय?" आणि नेहमीसारखी हसली, "तुह्या बापाले सात बी येत नव्हता, माय." मी म्हटलं, नाही दिसला.