कोऱ्या पट्टीच्या पलीकडे

३ जून, सोमवार
पोचले एकदाची! खोली वरच्या मजल्यावर, खिडकीला रंगीत काचा आणि जाड गज. टेबल एवढं ऐसपैस की कॅमेरा, कॉम्प्युटर, वायरींचं जंजाळ सगळं मावलं. आत्याबाईंनी दारातच माझी बॅग घेतली आणि चपला काढेपर्यंत माझ्या आईच्या गुडघेदुखीचीही चौकशी करून झाली. काका, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, निवृत्त ठेकेदार. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे गप्प. काम दिलंय त्यांच्या मुलीनं, ताईनं. ती परगावी असते; आत्याबाई तिच्याच आत्या. कॅमेऱ्याच्या जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून तिला लग्नाआधी आईची एक फिल्म हवीय. ती सहा वर्षांची असताना आई घर सोडून गेली. का, ते तिला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

४ जून, मंगळवार
काम मजेत चाललंय. कॅमेरा चित्राबरोबर टेपवर वेळेचा आकडाही टाकत जातो, तोच टाइमकोड. कुणी टेप पुढे पळवून मध्ये कोरी पट्टी सोडली, की तिच्यापलीकडे आकडा पुन्हा शून्यापासून सुरू. कॉम्प्युटर बावचळतो आणि टेप संपली समजून थांबतो. माणसंही तेच करतात, कोऱ्या पट्टीवर निळा पडदा दिसला की बंद. मी मात्र पट्टी ओलांडते आणि पुढचा भाग वेगळा उतरवते. आज अशाच एका पट्टीपलीकडे ताई सायकलवरून धपकन पडताना सापडली. मागून आई ‘बाळ, बाळ’ करत, पोट धरून हसत धावतेय. आत्याबाईंना दाखवलं. डोळे पुसत बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, निळ्यानंतर सगळ्याच टेपांत काही असतं का? असू शकतं, म्हटलं.

५ जून, बुधवार
काका दोनदा दाराशी येऊन उभे राहिले. कोणती टेप चालू आहे, एवढंच विचारतात. शेवटच्या टेपवर ‘घराचं काम’ लिहिलंय. ती राहू दे म्हणाले, नुसती रेती नि विटा आहेत. ताईनं सगळ्या सांगितल्यात, असं म्हटल्यावर चेहरा पांढराफटक पडला. विटांना एवढं काय घाबरायचं?

६ जून, गुरुवार
‘घराचं काम’ लावली. रेती, विटा, मग निळा पडदा. पलीकडे आकडा शून्यावरून निघाला. कॅमेरा टेबलावर आडवा ठेवलेला, चालूच राहून गेलेला असावा. चित्र कलतं. समोर काका एकटेच भिंत रचताहेत. ठेकेदार माणूस, हाताखाली इतकी माणसं, आणि हा स्वतः थापी घेऊन?
कडेला रंगीत काचा दिसल्या. हीच खोली. ती भिंत माझ्या उशाची.
काका जिन्यात घुटमळत होते, त्यांची चाहूल लागावी म्हणून हेडफोन लावला नव्हता, आवाज बंदच ठेवला होता. उद्या ऐकेन.
आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पाठीवर हात फिरवला. म्हणाल्या, ताईला इतक्यात कळवू नकोस, लग्न तोंडावर आलंय. माझा फोन खाली चार्जिंगला नेला.
संध्याकाळी काकांनी अंगणात गाठलं. आहे तसं टाक आणि आत्ताच्या आत्ता निघ म्हणाले. मी घाबरले. आत्याबाई म्हणाल्या, मी आहे ना.

७ जून, शुक्रवार
काका खाली आले नाहीत. बरं नाही म्हणे. फोन मागितला. अजून चार्ज होतोय म्हणे.

दुपार. हेडफोन लावला.
विटांच्या मागून थापा. आतून कुणी बाई. शब्द कळत नाहीत. एकच कळला. बाळ.
काकांचा हात थांबतो. ते रडताहेत. मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, शांतपणे:
“दादा, थांबू नकोस. वरचा कोपरा राहिलाय.”

आत्याबाई.

आणि काल मी त्यांनाच सगळं— काका मला हाकलत नव्हते, ते मला—

दार उघडत नाही. बाहेरून कडी. हाका मारल्या. खिडकीचे गज हलत नाहीत.

टेप बंद केली. हेडफोन काढून ठेवला.
आवाज थांबला नाही. तोच, तितकाच शांत. दाराच्या बाहेर आहे. दादा, म्हणतेय, आधी खालची ओळ—